विष्णुपंतांची चिमूट-परीक्षा

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात विष्णुपंत खात्याचे साहेब होते, आणि स्वतःइतका शास्त्रीय माणूस त्यांना स्टेशनच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला दुसरा ठाऊक नव्हता. त्यांच्या खात्यात कापड रंगवायची पावडर दळून पिंपांत भरली जाई. हवेत तिचा धुरळा, भिंतींवर तिचा थर, आणि विष्णुपंतांच्या कानामागे तिची नारिंगी रेघ, जी घरच्या पूजेला बसतानाही निघत नसे. बावीस वर्षं या धुरळ्यात काढून त्यांना एक शिंक आली नव्हती. यावरून त्यांनी ठरवून टाकलं होतं की पावडर निरुपद्रवी आहे आणि ज्यांना तिचा त्रास होतो ते कामचुकार आहेत.

यासाठी त्यांनी स्वतःची एक परीक्षा काढली होती. नवा कामगार आला की ते तळहातावर चिमूटभर पावडर घेऊन त्याच्या नाकाखाली धरत आणि म्हणत, "घे श्वास." शिंकला तर आल्या वाटेनं परत. नाही शिंकला तर वहीत नावापुढे 'प्रकृती योग्य'. पहिल्या दिवशी जवळजवळ कोणीच शिंकत नसे. मग सहा-आठ महिन्यांनी त्यातलेच काही छाती धरून बसू लागत, आणि विष्णुपंत वही उघडून दाखवत. पास झालेला माणूस आपोआप नापास कसा होईल, हा त्यांचा सवाल. अशा अकरा जणांना ढोंगी ठरवून त्यांनी घरी बसवलं होतं.

१९९३ साली बारावा नंबर सुदामचा लागत होता. बदलापूरजवळच्या गावातून सायकलवर येणारा, अंगानं दणकट, वर्षभरात एक खाडा नसलेला गडी.

"साहेब, हितं दम कोंडतोय," तो म्हणाला. "मला गोदामात टाका. पडंल ते काम करतो."

त्याच्या अर्जावर 'बदलीस हरकत नाही' एवढी ओळ आणि सही हवी होती. विष्णुपंतांनी अर्ज पेपरवेटखाली ठेवून दिला. ती ओळ लिहिली असती तर आधीचे अकराही खरे ठरले असते.

त्याच सुमारास त्यांच्या पत्नीला, कुमुदिनीबाईंना, धाप लागू लागली. शनिवारी संध्याकाळी सुरू होई ती रविवारभर पुरे. विष्णुपंतांनी शास्त्रीय पद्धतीनं कारणं शोधली. शिवमंदिरातला धूप बंद झाला, म्हणजे बाईंचं देवळात जाणं बंद झालं. शेजाऱ्यांची मांजर त्यांनी पोत्यात घालून लांब सोडून दिली. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं, धाप तशीच राहिली. मग बाईंची प्रतिकारशक्तीच कमी आहे असा निकाल लागला आणि च्यवनप्राशाचा मारा सुरू झाला.

एका रविवारी बाईंच्या ओठांवर निळसर छटा दिसली, तेव्हा मात्र विष्णुपंत घाबरले. रिक्षा करून त्यांनी बाईंना उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या डॉक्टर हेमलानी बाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी आधी दम बसवला, रक्त तपासलं, आणि दोन दिवसांनी दोघांना पुन्हा बोलावलं.

"साहब, ताकद कमी नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नको तिथे जास्त आहे." रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात, असं त्यांनी समजावलं. काही पेशींनी एखादी वस्तू शत्रू ठरवली की एक निरोप जातो, हिच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवा. दुसरा निरोप जातो, इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढवा आणि पाठवा. त्या सगळ्या छातीत जमतात, आणि सुजते ती आपलीच श्वासनळी.

विष्णुपंतांना हे फार आवडलं. शरीरसुद्धा वरून आलेल्या परिपत्रकांवरच चालतं, याचं त्यांना समाधान वाटलं.

"पण मग हे पहिल्यापासून कसं नाही झालं हिला?"

"पहिल्या दिवशी कुणालाच होत नाही. तेव्हा पेशी फक्त ओळख करून घेतात. तयारीला महिने जातात, कधी वर्षं. काहींच्या शरीरात ही तयारी होतच नाही. तो माणूस नशीबवाला, बस. हुशार नाही."

हे विष्णुपंतांना तितकंसं आवडलं नाही.

"माहेरी गेल्यावर होतो त्रास?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अजिबात नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"तिथे काय नसतं?"

कुमुदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "हे नसतात."

डॉक्टरबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर विष्णुपंतांच्या कानामागे गेली. कारखान्याचे कपडे घरी कोण धुतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. आठवड्याचे कपडे शनिवारी दुपारी बाल्कनीत झटकून कुमुदिनीबाईच धूत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून विष्णुपंत कपडे कारखान्यातच ठेवून, अंघोळ करून घरी येऊ लागले. डॉक्टरबाईंनी दिलेला, तोंडात औषध फवारायचा पंपही चालू होता. दोन महिन्यांत कुमुदिनीबाई तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता जिना चढू लागल्या. विष्णुपंतांना आनंद झाला, आणि तो खरा होता. बायकोवर त्यांचा जीव होता. पंचाईत एवढीच की कारखान्यात लोक कारण विचारत होते. तेव्हा त्यांनी आपण स्वतः शोधलेल्या काढ्याची हकीकत सांगायला सुरुवात केली. तो काढा कुमुदिनीबाई रोज मोरीत ओतत असत.

"त्या सुदामचा अर्ज तरी सोडवा आता," त्या एकदा म्हणाल्या. "मी वाचले ती कशानं, तुम्हाला ठाऊक आहे."

"बघू," विष्णुपंत म्हणाले.

त्याच आठवड्यात सुदाम केबिनच्या दारात आला. दाराची चौकट धरून तो आधी नुसता श्वास घेत राहिला.

"साहेब, बाईसाहेबांना गुण आला म्हणं. काय दिलंत?"

विष्णुपंतांनी पेन उघडलं. अर्ज हाताशीच होता. त्यांनी शेजारचा कोरा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, आडुळसा, ज्येष्ठमध, मिरी, सकाळ-संध्याकाळ अर्धा कप.

सुदामनं कागदाची नीट घडी करून ती खिशात ठेवली आणि वाकून साहेबांच्या पायांना हात लावला. मग तो पिंपं भरायला गेला.