दार लागलं की

लोणार-मेहकर गाडीवर मी कंडक्टर. त्या दिवशी बाजार होता, गाडी खच्चून भरलेली. मधोमध तिकिटं देत असताना अचानक छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले. मागे माणसं, पुढे माणसं, दार लांब. वाटलं, इथंच जीव जातो. ओरडूनच गाडी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला बसले.

ड्रायव्हर धावत आला. "काय होऊन राह्यलं, ताई?"

"मले श्वासच येत नाही, भाऊ."

त्यानं आरोग्य केंद्रात नेलं. तिथं छातीची ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे." दिलासा वाटायच्या ऐवजी मला रागच आला. मग हे काय नाटक होतं?

पण ते परत परत व्हायला लागलं. गाडीत, दुकानात, न्हाणीची कडी लावली तरी. माझी जाऊ म्हणे, "बाहेरचं असन, कोणाले दाखव." मी रजा टाकून घरातच बसले. घरही चारी बाजूंनी आवळत होतं.

शेवटी पुन्हा आरोग्य केंद्रात गेले. बाईंनी विचारलं, "ते परत येईल ही भीती किती वेळ असते?"

"दिवसभर." हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मी येडी झाली का, मॅडम?"

"नाही. हा चिंतेचा आजार आहे, बरा होतो. गोळी रोज घ्या. गुण यायला काही आठवडे लागतील. मनानं बंद करू नका."

सुरुवातीला गोळीनं मळमळलं, जीव आणखीच घाबरला. फेकून द्यावीशी वाटायची, पण घेत राहिले. बाईंनी समुपदेशक ताईंकडेही पाठवलं होतं. त्या म्हणाल्या, "भीती चढते तशी उतरते. उतरेपर्यंत पळायचं नाही."

त्यांच्या सांगण्यावरून मी डेपोत उभ्या रिकाम्या गाडीत बसले. ड्रायव्हरनं दार लावलं. डब्यात घालून झाकण लावल्यासारखं झालं. घामानं पाठ भिजली, दांडा धरून बोटं दुखली.

"उघडू का, ताई?"

"नका उघडू."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. धडधड आपोआप कमी झाली. मी हमसून हमसून रडले.

मग एका थांब्यापर्यंत, मग पुढच्या, असं करत कामावर आले. गोळी अजून चालू आहे. एखाद्या दिवशी भीती चढतेच. मेहकरपर्यंत मात्र पोचते, कधी घामानं निथळत, कधी आरामात.