व्हॅनमधली दुसरी बॅटरी

आमच्या मावशीला कुणी 'नाही' म्हटलं की ती कान बंद करून कामाला लागते. त्या बॅटरीच्या प्रकरणात सगळा हट्ट तिचा एकटीचाच होता असं लोक अजून म्हणतात आणि माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

काका बसचे कंडक्टर. मावशी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. काका व्हॅनमध्ये बसले की त्यांनी पत्र्यावर दोनदा टकटक केल्याशिवाय ती क्लच सोडत नसे. डबल बेल म्हणजे 'चला', आणि एकदा बेल दिली की आतल्या माणसांना काही झालं तर जबाबदार कंडक्टर, असं काका सांगायचे. भाजीला निघाले तरी हाच नियम. आम्ही हसून लोटपोट व्हायचो, पण दोघांना काही फरक पडत नसे.

मग काकांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. नाकात नळी, नळीला ऑक्सिजनचं यंत्र, यंत्राची वायर भिंतीत. आयुष्यभर फिरलेला माणूस प्लगला बांधला गेला. पलंग ते खिडकी, संपलं राज्य. त्यांचं मागणं एकच होतं, आपल्या जुन्या रूटवर शेवटच्या स्टॉपपर्यंत एकदा जाऊन यायचं. तिथे आहे काय? चहाची टपरी आणि बस वळवायला मोकळी जागा. पण त्यांना जायचं होतं ना, मग बास.

काकांचे थोरले भाऊ म्हणजे घरातलं कोर्ट. त्यांनी निकाल दिला की सुखानं पडून राहायचं सोडून ही नसती खुळं नकोत. यंत्र बंद पडू दिलं नाही तर जायला हरकत नाही, हे डॉक्टरांचं बोलणं त्यांनी सोयीस्करपणे ऐकलंच नव्हतं. मावशीनं ते ऐकलं आणि व्हॅनच्या मागच्या भागात दुसरी बॅटरी बसवायला घेतली.

पहिल्या खेपेला ती चुकली, ते मी लपवणार नाही. मागची बॅटरी तिनं सरळ पुढच्या बॅटरीला जोडली. अंगणात इंजिन बंद ठेवून दुसरं एक यंत्र, कुणाच्या नाकाला न जोडता, लावून बघितलं, ते झकास चाललं. नंतर किल्ली फिरवली तर व्हॅन नुसती टिकटिक करत बसली. यंत्रानं मागच्या बॅटरीबरोबर पुढचीही पिऊन टाकली होती. थोरल्यांच्या हातात आयतं कोलीत मिळालं. वाटेत असं झालं असतं तर काय केलं असतं, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. प्रश्न खरा होता, म्हणूनच जास्त झोंबला.

मावशी रडली नाही. गॅरेजवाल्याकडे गेली, तर तो म्हणाला, मध्ये रिले टाका. इंजिन चालू असेल तोवरच दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या राहतील, बंद झालं की मागची वेगळी. तिनं सगळं उपसून पुन्हा केलं. सीटखालून जाड केबल, फ्यूज, बॅटरी पट्ट्यानं आवळलेली, शेजारी इन्व्हर्टर. मग मागची बॅटरी पार उतरेपर्यंत यंत्र चालवलं आणि किल्ली फिरवली. व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली. मावशीनं असा लांबलचक हॉर्न दिला की गल्लीतली सगळी दारं उघडली. मला तर नाचावंसं वाटलं.

निघायच्या दिवशी काकांनी जुना खाकी शर्ट घातला. तो अंगावर नुसता लोंबत होता. यंत्र मागे लावलं, ते घुरघुरायला लागलं, आणि थोरले येऊन फाटकात आडवे उभे राहिले. भावावर जीव होता त्यांचा, नाही असं नाही. पण जीव लावून कोंडलं तरी ते कोंडणंच.

"त्याला काही झालं तर जबाबदार कोण?"

मावशीचा हात गिअरवर, नजर आरशात, गाडी जागची हलेना. मी शेजारी बसून धुमसत होते. एवढा आटापिटा करून आता हिला झालंय तरी काय?

मागून धापा टाकत आवाज आला.

"कंडक्टर."

आणि पत्र्यावर दोनदा टकटक झाली. मावशीनं क्लच सोडला. थोरले बाजूला झाले.