महारुद्रअप्पाचं कुंकवातलं पिस्तूल

महारुद्रअप्पा माझा शेजारी अन् शाळेपासूनचा दोस्त. गंगाखेडात उसाच्या वाहतुकीचा ठेका, कपाळाला विभूती, कमरेला पिस्तूल. लायसन काढताना जिवाला धोका हाय म्हणून सांगितलं होतं यानं. धोका खरा होता, पण शुगरचा. गडी जेवण झाल्यावर पेढ्याचा बॉक्स संपवतो!

पिस्तुलाचं कौतुक सुरू झालं की थांबायचं नाव न्हाई. "आत गोळीला ठोकणारी पिन असती. तिच्या वाटंत एक बारकी खुटी. चाप ओढल्याबिगर खुटी वर होत न्हाई, पिन पुढं सरकत न्हाई. माडीवरून फेका, उडणार न्हाई!"

बरोबर हाय बाबा. पण कंपनीनं ती खुटी शहाण्या माणसासाठी बसवली होती. आमचा अप्पा दर खंडेनवमीला पिस्तुलावर तेल, हळद, कुंकू अन् वरून नारळाचं पाणी ओतायचा. साफ कर म्हणलं की, "पूजेचं कुंकू पुसत असतेत का?" तो सगळा चिखल आत वाळला, खुटी वरच चिकटून बसली अन् पिनीची वाट मोकळी झाली. याला पत्ताच न्हाई.

त्याच्या पोरीला, ऋतुजाला, बघायला पूर्णेहून शिवकांत आला. रेल्वेत नोकरीला. दोघांचं आधीच जुळलेलं. त्याचे चुलते चंद्रप्पा यांचा तेवढा होकार बाकी. पोरगी सकाळपासून विनवायली, "अप्पा, आजच्या दिवस ते कपाटात ठेवा." बरं म्हणला अन् कमरेला लावूनच बैठकीत माझ्या शेजारी बसला.

चहा झाल्यावर चंद्रप्पांनी भीत भीत विचारलं, "भरलेलं हाय का हो? उडायचं बिडायचं न्हाई ना?"

झालं! अप्पा उठला. खुटीचं पुराण सांगून म्हणला, "पाडूनच दाखवतो."

"अप्पा, नका!" ऋतुजा ओरडली.

"तू गप," म्हणत त्यानं पिस्तूल फरशीवर सोडलं.

धाडकन गोळी सुटली. फरशी फुटली अन् तिचा तुकडा ऋतुजाच्या पायात घुसला. शिवकांतनं धावत जाऊन रुमालानं तिचा पाय आवळला. अन् बाप? बापानं वाकून आधी पिस्तूल उचललं, फुंकर मारली, ओरखडा पडला का बघायला लागला. माझं डोस्कंच फिरलं. "अरे, पोरीकडं बघ की!" मी बोंबललो. ऋतुजानं ते पाहिलं अन् तोंड फिरवलं.

पोलिसांनी पिस्तूल नेलं, लायसनही गेलं. सोयरीक मोडली म्हणून आमी सगळे हळहळत होतो, तर मला चंद्रप्पांचा फोन आला. "पोरगी पसंत हाय. मुहूर्त जवळचाच काढा. लेकराला जास्त दिवस त्या घरात ठेवू नका."

मी ही खुशखबर घेऊन पळत गेलो. अप्पा मोकळ्या कमरेवर हात ठेवून बसला होता.

"पिस्तूल न्हाई," म्हणला. "आता मांडवात मी कोण म्हणून बसू?"

"बाप म्हणून बस की लेका!"

 हे त्याला खरंच सुचलं नव्हतं.