दार उघडणे समिती

“देनाऱ्याचं नाव राह्यलं पाह्यजे, मॅडम.”

भाऊ हे वाक्य अशा गांभीर्याने म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, आता मानवजातीच्या स्मृतीविषयी काहीतरी मूलभूत ऐकायला मिळणार. प्रत्यक्षात विषय छताच्या पंख्याचा असे. सिंदी मेघेतल्या आमच्या विहारात तेव्हा सात पंखे होते. प्रत्येकाच्या पात्यांवर लाल रंगात मजकूर: एकावर ‘कालकथित’ आणि गेलेल्याचं नाव, दुसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’, तिसऱ्यावर देणाऱ्याचं नाव. तो नीट लिहून घेणं हे जयंती समितीचे कोषाध्यक्ष म्हणून भाऊंचं काम. रंगारी शिडीवर आणि भाऊ खाली, मान वर करून.

दिवसा ते माझ्या हाताखाली होते, म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयात परिचर. मी ग्रंथपाल, त्यामुळे कागदोपत्री साहेब मीच. नव्या पुस्तकावर शिक्का मारण्याआधी ते शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडत, मग पहिल्या पानावर एक, आणि सतराव्या पानावर एक. सतरावं पान हे आमचं गुप्त पान. चोराने पहिलं फाडलं तरी पुस्तक आपलंच ठरावं, यासाठी. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या खिशात पेनाशेजारी पावतीपुस्तक असतं. भाऊ दातांच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा सुजल्या गालाने त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, “पावती भेटन का?”

अशा माणसाचा व्हिडिओ गेमशी काय संबंध, हे मला फार उशिरा कळलं.

भाऊंना एक धाकटा भाऊ होता. पिपरी मेघेत एका मित्राबरोबर त्याने कॉम्प्युटर सेंटर काढलं होतं. नागपूरहून कुठूनतरी त्याने एक जुनं गेमचं यंत्र आणलं, आणि त्याबरोबर एक परदेशी गेम. त्यात गोळीबार नव्हता, शर्यत नव्हती. डोंगराळ मुलखातला एक पोस्टमन, त्याच्या थैलीत एकच चिठ्ठी, पाकिटावर पत्ता अर्धा पुसलेला. गावोगाव विचारत जायचं. धाकटा खेळायचा आणि भाऊ बाजूला स्टुलावर बसून एका लांब वहीत नोंदी करायचे: कोणत्या गावात कोणतं घर, कुत्रं बांधलेलं की मोकळं, म्हातारी खरं सांगते की खोटं. ती वही मी पाहिली आहे. आमच्या दाखल नोंदवहीपेक्षा चोख होती.

गेमचा शेवट असा: पोस्टमन एका दारासमोर पोचतो, ठोठावायला हात वर करतो आणि पडदा काळा होतो. पुढचं दुसऱ्या भागात.

दुसरा भाग आलाच नाही. बनवणाऱ्यांची कंपनी बुडाली. इकडे धाकटाही आजारी पडला. सेवाग्रामच्या वॉर्डात शेवटच्या आठवड्यात तो भाऊंना म्हणाला, “दादा, दार उघडलं तं मले सांगजो.”

ही हकीकत भाऊंनी मला पुस्तकांवर क्रमांक चिकटवता चिकटवता सांगितली. पोस्टमन तेव्हा बारा-तेरा वर्षं हात वर करून उभा होता.

मग एक दिवस सेंटरवाला, म्हणजे धाकट्याचा तो भागीदार, मोबाइल उंच धरून ग्रंथालयात धावत आला. ‘शांतता राखा’ या पाटीखालीच तो ओरडला, “भाऊ! पोस्टमन येऊन राह्यला!”

एका जगड्व्याळ कंपनीचा परदेशात जलसा चालला होता. धूर, दिवे, टाळ्या. त्यात पिकल्या केसांचा एक म्हातारा व्यासपीठावर आला. गेम बनवणारा तोच. डोळे पुसत तो म्हणाला, लोकांनी पैसे दिले तर दुसरा भाग होईल. देणाऱ्यांची नावं गेमच्या शेवटी पडद्यावर येतील. व्यासपीठावर रडणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. भाऊंना रडणं दिसलंच नाही.

“म्हंजे वर्गनी हाय,” ते म्हणाले. “आन् देनाऱ्याचं नाव राह्यते.”

आठ दिवसांत त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून कोरं पावतीपुस्तक आणलं आणि शिक्का करून घेतला: ‘दार उघडणे समिती, सिंदी मेघे’. जयंतीच्या उरलेल्या पावत्या वापरा, असं सेंटरवाल्याने सुचवलं तेव्हा भाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो विषय तिथेच सोडला. मग ते घरोघर फिरले. धाकट्याचे वर्गमित्र, ज्यांच्या मुलांना त्याने टायपिंग शिकवलं ती घरं, सेंटरशेजारचा झेरॉक्सवाला.

“कशाची वर्गनी, भाऊ?”

“दार उघडाची.”

“कोनाचं दार?”

“थेच तं पाहाचं हाय.”

अकरा जणांनी दिली. बारावी मी. कारण परदेशात पैसे पाठवता येतील असं कार्ड माझ्याकडे होतं. मुलगी बाहेरदेशी शिकत असल्याचा मला झालेला हा एवढाच फायदा.

अर्ज भरताना आमचं अडलं. ‘पडद्यावर दिसायचं नाव’ असा एक रकाना होता. भाऊंनी मजकूर लिहूनच आणला होता: ‘कालकथित’ अमुक अमुक, वडिलांचं नाव, आडनाव, ‘यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट, दार उघडणे समिती, सिंदी मेघे, ता. जि. वर्धा’. तीन पात्यांचा मजकूर होता तो. रकान्यात त्यातलं जेमतेम एक पातं मावत होतं.

“भाऊ, नुसतं नाव बसेल,” मी म्हटलं. “पहिलं आणि आडनाव.”

“कालकथित?”

“नाही बसत.”

“नुसतं नाव टाकलं तं लोकाईले जित्ता वाटन तो.”

खिडकीबाहेर कॉलेजची पोरं गाड्या काढत होती. भाऊंनी हातातला कागद चौपट घडी करून पावतीपुस्तकात ठेवला.

“वाटू द्या,” ते म्हणाले.

मी बटण दाबलं. ईमेल आली. भाऊंनी तिचा प्रिंट काढायला लावला. पावती होती ती.

पुढे काही महिन्यांनी सेंटरवाला पुन्हा आला, या वेळी मोबाइल खाली धरून. “फसवलं भाऊ आपल्याले. त्या बड्या कंपनीनं पैसा आंधीच लावून ठेवलता. आपली वर्गनी नुसती पाहासाठी होती, लोकं येतेत का नाई म्हून. आपन काऊन द्यावं त्याईले?”

मला मनातून बरं वाटलं. माझा संशय खरा ठरला की मला बरं वाटतं, हा माझा जुना दोष.

भाऊंनी शिक्क्यावर वाफ सोडली. “जयंतीचा मंडप कोन देते बे?”

“आमदार.”

“बँड?”

“सरपंच.”

“मंग आपन पावतीपुस्तक घेऊन घरोघरी काऊन फिरतो?”

सेंटरवाल्याने मोबाइल खिशात घातला.

“घरोघरी नाई गेलं तं जयंती आमदाराची होते,” भाऊ म्हणाले आणि सतराव्या पानावर शिक्का मारला.

बड्या कंपन्यांनी सामान्यांकडे हात पसरावा की नाही, यावर मी नंतर इंग्रजीत बरंच वाचलं. इतकं नेमकं कुठे सापडलं नाही.

गेम वर्षभरात येणार होता. तो दर वर्षी वर्षभरात येणार होता. महिन्याला एक इंग्रजी पत्र यायचं, मी ते भाऊंना वाचून दाखवायचे: आता डोंगर रंगवून झाले, आता थैली शिवून झाली, आता उशीर होतो आहे याचं दुःख आहे. “दुःख हाय म्हनतेत ना,” भाऊ म्हणायचे, “मंग करतीन.” तेवढ्यात ते निवृत्त झाले. प्राचार्यांनी शाल दिली, सेवाभाव या शब्दावर तीन भाषणं झाली. भाऊंनी शालीची पावती मागितली नाही, एवढंच त्या समारंभाचं वैशिष्ट्य.

शेवटी गेम आला. खोक्यावर भाऊंनी सगळ्यात आधी समितीचा शिक्का मारला. मग पाच-सहा रविवार, सकाळी दहाला, आम्ही बाराही जण सेंटरमध्ये जमत होतो. खेळत होता सेंटरवाला. भाऊ जुनी वही उघडून त्याच स्टुलावर. “हे घर सोड. हितं कुत्रं मोकळं हाय.” इतक्या वर्षांनंतरही कुत्रं मोकळंच होतं.

सहाव्या रविवारी पोस्टमन त्या दारापाशी आला. हात वर केला. आणि ठोठावलं.

दार उघडलं. आत एक म्हातारी. तिने पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि परत दिलं. चिठ्ठी तिची नव्हती. पलीकडच्या खोऱ्यातल्या घराची होती. पोस्टमनने थैली खांद्याला लावली आणि पडदा काळा झाला. पुढचं तिसऱ्या भागात.

सेंटरवाल्याने जे शब्द काढले ते विहाराशी संबंधित लेखात लिहिता येणार नाहीत. झेरॉक्सवाला म्हणाला, “पैसे पान्यात गेले ना बाप्पा.” सगळे भाऊंकडे पाहू लागले.

“उघडलं ना?” भाऊ म्हणाले. “वर्गनी दार उघडाची होती. चिठ्ठी वाचाची नाई.”

मग नावं सुरू झाली. हजारो, तीन रांगांत, खालून वर. “पुढं पयवू का?” सेंटरवाल्याने विचारलं. “बस बे चूप,” भाऊ म्हणाले. आम्ही चहा मागवला, प्यायलो, कप परत गेले. नावं चालूच. मग मधल्या रांगेत, कुठल्या देशांतल्या कोण जाणे अशा दोन माणसांच्या मध्ये, ते नाव आलं. भाऊ उठून उभे राहिले. म्हणून आम्हीही राहिलो. दोन-तीन सेकंदांत ते वर निघून गेलं.

“उघडलं बा दार,” भाऊ पडद्याला म्हणाले. फार मोठ्याने नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल इतपत.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. समिती त्यांनी दार उघडलं त्याच रविवारी बरखास्त केली होती. ती आम्ही एकदाच पुन्हा भरवली आणि विहाराला आठवा पंखा दिला. रंगारी शिडीवर होता आणि मी खाली, मान वर करून. मी त्याला सांगितलं, फक्त नाव लिही.

“मॅडम, कालकथित राह्यलं ना,” तो वरून म्हणाला. “लोकाईले जित्ते वाटतीन.”

“वाटू दे,” मी म्हटलं.

पंखा अगदी मधोमध लागला आहे. वारा चांगला देतो. चालू असताना त्यावरचं काही वाचता येत नाही.