आमच्या घरचे साबुरो

आज लंचला ऑफिसातल्या जपानी साबुरोसानना सहज त्यांच्या नावाचा अर्थ विचारला. म्हणाले, "तिसरा मुलगा. पूर्वी घर थोरल्याला मिळायचं. कितीतरी साबुरोंनी मग बाहेर पडून नाव कमावलं."

रत्नागिरीत आमच्याकडेही तेच. थोरल्याला बाग, दुसऱ्याला होडी, तिसऱ्याला गल्फ. साठच्या दशकात लाँचमधून दुबईला उतरलेले अब्बा तिसरे. मीही तिसराच.

मघाशी मोठ्या भाईंचा फोन आला. "ईदला येतोस ना? पाहुण्यांच्या खोलीत तुझी गादी घालून ठेवतो."

"इन्शाल्ला," म्हटलं. ते घर माझ्याच पगारातून उभं राहिलंय.

खरंच दमलोय, मंडळी. तुमच्या घरचा साबुरो कोण? आणि गावच्या घरात त्याची खोली कुठली?