दोष रॅमचा होता

'व्हायरस' हा शब्द ऐकला की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. पारोळ्यात एका बी-बियाण्यांच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बिलं करायचे. पहिल्याच दिवशी शेठनी बजावलं, "मशीनला मोबाईल लावायचा नाही. तुमच्या आधीच्या मुलीनं लावला आणि व्हायरस घुसला." ती मुलगी जवळच्याच खेड्यातली. कॉलेज सांभाळून काम करायची, मोबाईल चार्जिंगला लावायची. मशीन बंद पडायला लागलं तसं सगळं खापर तिच्यावर फुटलं. नुसतं कामावरून काढलं असतं तरी एक वेळ समजू शकले असते. पण 'पोरगी दिवसभर मोबाईलमध्ये असते' असा निरोपही शेठनी तिच्या वडिलांपर्यंत पोचवला. त्यांनी तिला घरी बसवलं, कॉलेजही सुटलं.

आता तिच्या खुर्चीत मी होते आणि मशीन होतं तसंच होतं. काम करता करता मध्येच निळी स्क्रीन आणि मशीन बंद. जळगावहून एक मेकॅनिक यायचा. आधी पंखा स्वतःकडे वळवून घ्यायचा आणि मशीनकडे धड न बघताच सांगायचा, "सिस्टिम करप्ट आहे, फॉरमॅट मारू." फॉरमॅट मारून तो बसस्टँडवर पोचायच्या आत निळी स्क्रीन पुन्हा हजर. मग शेठ माझ्या टेबलावरच्या मोबाईलकडे बघायचे. त्या बघण्याचाच मला जास्त संताप यायचा.

धुळ्याला मी डिप्लोमा केला होता. तिथे एक गोष्ट आमच्याकडून घोटून घेतलेली: सिस्टिममध्ये चूक असेल तर ती हट्टी असते. तेच काम पुन्हा करा, बहुतेक त्याच जागी अडणार. आमच्या मशीनचं तसं नव्हतं. कधी प्रिंट देताना बंद, कधी बिल उघडताना, कधी कुणी हातही लावलेला नसताना. दरवेळी स्क्रीनवर कारण वेगळं. दुपारी उन्हाचा तडाखा वाढला की जास्तच. पुढच्या फॉरमॅटला तर डिस्क कोरी करून नवी सिस्टिम भरतानाच गाडी अडली, परत भरली तर दुसऱ्याच फाईलवर अडली. त्याच पेनड्राईव्हवरून शेठच्या घरच्या लॅपटॉपवर ती बिनबोभाट चढली.

"डिस्क कोरी आहे, पेनड्राईव्ह चांगला आहे," मी मेकॅनिकला म्हटलं. "मग व्हायरस बसलाय कुठे?"

"मॅडम, उन्हाळा आहे," तो म्हणाला. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या काढून त्याने खोडरबरने घासल्या, परत बसवल्या आणि गेला.

मग मीच मेमरी तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राईव्हवर घेतला. तो सिस्टिमशिवाय चालतो, त्यामुळे सिस्टिमवर ढकलायला जागाच उरत नाही. स्क्रीनभर चुकांच्या लाल ओळी आल्या. एक पट्टी काढली तर सगळं स्वच्छ. तीच पट्टी एकटी लावली तर पुन्हा लाल. शेजारच्या खाचेत घातली, तिथेही लाल. म्हणजे खाचेचा दोष नाही, सिस्टिमचा नाही आणि मोबाईलचा तर नाहीच नाही. वीतभरही नसलेली ती पट्टीच खराब होती.

शेठना दाखवलं. "अरे वा," ते म्हणाले, "नवीन टाकून घेऊ." आणि चहा प्यायला लागले.

"आणि ती मुलगी?"

"कोणती?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. कोणती म्हणे! तिचा नंबर दुकानाच्या फोनमध्ये अजून होता. शेठ "जाऊ द्या ना, जुनं झालं ते" म्हणत राहिले आणि मी त्यांच्यासमोरच तिला फोन लावला. सगळं सांगितलं.

"अक्का," ती म्हणाली, "हाई मन्हा बापले सांगशी का?"

रविवारी पट्टी पर्समध्ये टाकून मी तिच्या वडिलांना सांगायला तिच्या गावी गेले. वडील अंगणात खाटेवर बसले होते. बिघाड याच्यात होता, तुमच्या मुलीमुळे काहीही झालं नव्हतं, असं मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी पट्टी उलटीपालटी करून बघितली आणि माझ्या हातात परत दिली.

"पन मोबाईल तं लायेल व्हता ना तिनी?"

"हो, लावला होता!" माझा आवाज चढला. "मीपण लावते. सगळं जग लावतं. त्यानं काय होतं?"

ती मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तांब्या तिने माझ्यासमोर ठेवला आणि वडिलांकडे वळली.

"चार्जिंगले लायेल व्हता, आबा. मी तवय बी हाईच सांगेल व्हतं."