पेनड्राइव्हमध्ये नसलेली ओळ

देवचाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे, हे आधीच कबूल करतो. कट्टा गावात बस स्टॉपजवळ माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. शोधलं की बिघाडाचं कारण सापडतंच, एवढाच माझा देवधर्म... म्हणजे होता.

गेल्या वर्षी तोंडवलीच्या काकी दुकानात आल्या. त्यांचे यजमान, आमचे गुरुजी, नुकतेच वारले होते. त्यांनी मला शाळेत शिकवलं आणि रिटायर झाल्यावर लिनक्स ही कॉम्प्युटरची सिस्टीम ते माझ्याकडून शिकले! आमच्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. गुरुजींनी कॉम्प्युटरलाही तीच शिस्त लावलेली. बंद करताना स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत यायचं — 'येतंय गो'. खास काकींसाठी.

आता त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कुरकुरत होती.

"माका बाकी काय नको रे झिला," काकी म्हणाल्या. "बंद करतना 'येतंय गो' येता, तेवढाच होया. हॉस्पिटलात नेतना गडबडीत त्येंचा 'येतंय' तेवढा सांगूचा रवला."

"काळजी करू नकात, काकी. अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हर घेतंय. चेडवाच्या लॅपटॉपाक लावल्यात की गुरुजींचोच कॉम्प्युटर चालू होतलो."

चालू सिस्टीमवरून लाइव्ह इमेज, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणारी नक्कल, बनवली. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! माझं टूल होम फोल्डर, म्हणजे माणसाच्या खासगी फायली, आपणहून वगळतं. ते सेटिंग बदलायला मी विसरलो. आणि ती ओळ दाखवणारी स्क्रिप्ट गुरुजींनी नेमकी तिथेच ठेवलेली. लक्षात आलं तोवर डिस्क कायमची गेली होती.

भर दुपारी तोंडवलीला जाऊन काकींना खरं ते सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"आसांदे रे. मुद्दाम केलंस काय? चालू करून दाखय तरी."

लेकीच्या लॅपटॉपवर सिस्टीम सुरू झाली, पण कोरी. काकी म्हणाल्या, "बंद कर."

लाइव्ह सिस्टीम बंद होताना इंग्रजीत सांगते, पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा. ती ओळ मला तोंडपाठ आहे. मी बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली, आणि मोठ्या अक्षरांत आलं —

येतंय गो

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. काकींनी मात्र पदर सावरला, हलकेच म्हणाल्या, "या हां... सांभाळून." आणि स्वतःच एंटर दाबलं.

दुकानात आणून ती इमेज मी पूर्ण उलगडली, एकेक फाइल शोधली. ते शब्द कुठेच नाहीत. त्यानंतर कितीदा तरी चालू-बंद केलं, दर वेळी तीच इंग्रजी ओळ. कारण आजही सापडलेलं नाही.

पेनड्राइव्ह परत करायला गेलो, तर काकींनी घेतलाच नाही.

"ऱ्हवांदे तुझ्याकडे," म्हणाल्या. "माका सांगल्यानी... पुरे झाला."